शिंक्यातला नाग

बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीवर आजवर जे लिहिलं गेलं आणि दाखवलं गेलं, ते बहुतेक सगळं अंबाबाईच्या देवळापाशी सुरू होतं आणि तिथंच संपतं. फणा काढलेला नाग, त्याच्यापुढं मडकं हलवणारा गडी, गुलाल, बँड, वरून पाऊस आणि मुंगीला शिरायला वाव नाही अशी गर्दी. परदेशी वाहिन्यांचे कॅमेरे आले तेही एवढंच टिपून गेले. पण देवळापुढं यायच्या आधी तो नाग आठ-दहा दिवस कुणाच्या तरी घरी मुक्कामाला असायचा. त्या घरात म्हैस असायची, कोंबड्या असायच्या, मांजर असायचं, परड्यात कुत्रं असायचं आणि एखादं रांगतं पोरही असायचं. या सगळ्यांच्या गराड्यात जिवंत नाग कसा ठेवायचा, हे कुणी विचारलं नाही. ते काम घरातल्या बायकांचं होतं, म्हणून विचारलं नसावं.

माझं माहेर शिराळ्याचं. लहानपण १९६०च्या दशकातलं. पुढं लग्न झालं, प्राथमिक शाळेत नोकरी केली, निवृत्त झाले. नाग पकडणारे पुरुष सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यांचे फोटो आहेत. नाग सांभाळणाऱ्या माझ्या आज्जीचा एकही फोटो नागाबरोबर नाही.

शिराळा हा सांगली जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा तालुका. एके काळी बत्तीस गावांचा कारभार इथून चालायचा, म्हणून बत्तीस शिराळा. याच जिल्ह्यात जत, आटपाडी पाण्यासाठी आभाळाकडं बघतात आणि आमच्याकडं मात्र पावसाळ्यात चिखलातून चप्पल काढता येत नाही. पलीकडं चांदोलीचं जंगल, गावाला मोरणा नदी, शिवारात भाताची खाचरं आणि त्यांना जुने दगडमातीचे बांध. बांधात उंदरांची बिळं, खाचरात बेडूक. नागाला याहून जास्त काही लागत नाही. पुढं ऊस वाढला, त्याबरोबर उंदीर वाढले आणि नागांचीही सोय झाली. शिराळ्यात नाग जास्त का, याचं उत्तर देवाच्या करणीत शोधणारे बरेच आहेत. मला ते भाताच्या बांधात सापडतं.

प्रथेची गोष्ट गोरक्षनाथांची सांगतात. नाथ भिक्षेला महाजनांच्या दारी आले. घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, तिला भिक्षा वाढायला उशीर झाला. नाथांनी कारण विचारलं, तिनं सांगितलं. मग मातीच्या नागाऐवजी खऱ्या नागाची पूजा करशील का, असं विचारून नाथांनी मातीचा नाग जिवंत केला. तेव्हापासून शिराळ्यात जिवंत नाग पुजायची रीत पडली आणि पूजेचा मान महाजनांच्या घराकडं राहिला. याला कागदाचा पुरावा नाही. प्रथा किती शतकांची, ते ठामपणे सांगता येत नाही. पण गोष्टीतली एक बाब माझ्या मनाला लागते. ती रस्त्यावर घडत नाही, देवळातही घडत नाही. ती घरात घडते, आणि नागापुढं बसलेली आहे ती घरातली बाई.

पंचमीच्या आदल्या दिवशी, श्रावण शुद्ध चतुर्थीला, आमच्याकडच्या बायका भावाचा उपवास धरतात. नाग हा भाऊ. पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही, नांगर धरायचा नाही. पुरणाची दिंडं उकडायची. हे सगळ्या महाराष्ट्रात थोड्याफार फरकानं आहेच. शिराळ्यात फरक एवढाच की तो भाऊ खरोखरच घरात वरती टांगलेला असायचा.

पकडण्याबद्दल फार लिहीत नाही, ते बऱ्याच जणांनी लिहिलंय. अंबाबाईचा कौल घ्यायचा, मग गडी शिवारात निघायचे. हातात खुरपं, कुदळ आणि एक काठी. रात्री पाऊस पडून सकाळी उघडीप मिळाली की ओल्या मातीवर नागाची वाट उमटलेली दिसते. बिळाच्या तोंडाशी कात, विष्ठेत उंदराचे केस, असल्या खुणांवरून माग काढायचा. आमचे थोरले चुलते, आप्पा, यात तरबेज. नागीण उन्हाळ्याच्या अखेरीपासून पाऊस लागेपर्यंत अंडी घालते, दहापासून तिसापर्यंत, आणि पिलं बाहेर यायला दोन महिन्यांच्या आसपास लागतात. तोवर ती अंड्यांपाशी थांबते. म्हणजे पंचमीच्या सुमाराला काही नागिणी राखणीला बसलेल्या असायच्या. बिळात अंडी दिसली की आप्पा माती परत लोटून निघून यायचे. सगळेच असं करत होते असं मात्र मी म्हणणार नाही.

आता घर.

नागासाठी मडकं कुंभाराकडून नवं आणायचं. घरात तेलाचं, चिंचेचं, लोणच्याचं भांडं कितीही रिकामं पडलेलं असो, ते चालायचं नाही. नाग जिभेनं वास घेतो, वासानं बिथरतो, हे आज्जीला कुणी शिकवलं नव्हतं. वासाच्या मडक्यात नाग स्वस्थ बसत नाही एवढं तिनं पाहिलेलं होतं. नवं मडकं दिवसभर पाण्यात बुडवून ठेवायची, म्हणजे पुढचे काही दिवस ते गार राहतं. तळाला मूठभर माती, तीही ज्या बांधावरून नाग आणला त्याच बांधावरची. तोंडाला जुन्या धोतराचं धुतलेलं फडकं, दुहेरी, आणि वरून दोरीचे आवळून वेढे. गाठ मारायची ती आप्पांनीच आणि सोडायचीही त्यांनीच. दुसऱ्यानं मारलेली गाठ किती पक्की आहे हे कळत नाही, असं ते म्हणायचे.

एका मडक्यात एकच नाग. नाग दुसऱ्या सापाला गिळतो, नागालाही सोडत नाही. शेजारच्या गल्लीत कुणीतरी जागा वाचवायला नाग आणि धामण एकत्र ठेवली होती आणि सकाळी मडक्यात एकच जीव उरला होता, ही हकिकत आम्हाला दर वर्षी ऐकवली जायची.

मग ते मडकं माजघराच्या तुळईला टांगलेल्या शिंक्यात जायचं. शिंकं नागासाठी केलेलं नव्हतं. ते लोण्याचं. वर्षभर त्यात लोण्याचं गाडगं आणि दुधाचं भांडं असायचं, मांजराच्या तोंडापासून वाचवायला. पंचमीच्या आधी दूध-लोणं फडताळात जायचं आणि शिंक्यात नाग यायचा. कारण तेच, मांजर! लोकांना वाटतं की नाग घरात असल्यावर मांजर धोक्यात. आज्जीचं म्हणणं उलट होतं. मडक्यातला नाग बांधलेला, मांजर मोकळं. नाग मडक्यात सरकला की फडकं हलणार, हललं की मांजराची नजर त्यावर जाणार, आणि नजर गेली की पंजा गेल्याशिवाय राहणार नाही. मांजराची झडप सापाला भारी पडते. दात नुसता लागला तरी जखम चिघळते आणि साप पुढं आठवड्यानं मरतो. आमच्या मनीला पहिल्यांदा पोत्यात घालून मळ्यावर सोडून आले, तर दोन रात्रींत ती परत चुलीपाशी. त्यानंतर रात्री तिला वेगळ्या खोलीत कोंडायचं आणि दिवसा माजघराला कडी, असा रिवाज पडला.

शिंकं भिंतीपासून चार हात लांब. भिंतीला लागून टांगलं तर उंदीर उतरतात आणि फडकं कुरतडतात. चुलीच्या वर नाही, धुरानं नाग गुदमरतो. पाळण्याच्या वर नाही, कुणाच्या अंथरुणाच्या वर नाही. शिंक्याच्या बरोबर खाली सारवलेल्या जमिनीवर आज्जी रांगोळीचं रिंगण काढायची आणि आम्हा पोरांना ते ओलांडायची बंदी. पाहुण्यांना वाटायचं पूजेचं आहे. पूजेचं होतंच, पण वरची गाठ सुटली तर नाग पडेल तो कुठं, याचाही तो हिशोब होता.

मी त्या रिंगणाच्या कडेला बसून तासन्‌तास वर बघत असायची. नाग दिसत नाही. दिसतं ते फडकं. बराच वेळ काही नाही, मग एका जागी ते आतून किंचित वर उचललं जातं, बोटाच्या पेराएवढा उंचवटा येतो, तो कडेकडेनं गोल फिरतो, आणि पुन्हा सगळं सपाट. नाग नाकानं वाट शोधत असायचा. कुणी पाय आपटत गेलं की आतून लांबलचक फूत्कार. नागाला आपल्यासारखे बाहेरचे कान नाहीत, पण जमिनीचा, लाकडाचा हादरा त्याला लगेच लागतो. म्हणून त्या दिवसांत माजघरात जातं ओढायचं नाही, उखळ-मुसळही बाहेर सोप्यात.

मोत्या, आमचं कुत्रं, परड्यात साखळीला. कुत्र्याला जे दिसेल तिथं नाक घालायची खोड, आणि नाग चावला तर नाकावर किंवा तोंडावरच चावतो. कोंबड्यांचं डालगं एरवी रात्री माजघराच्या कोपऱ्यात असायचं, ते सोप्यात जायचं. याला दोन कारणं. कोंबड्यांपुढं टाकलेल्या दाण्यांवर उंदीर येतात, हे एक. दुसरं, खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली असली की बाहेरचा नाग तिच्या वासानं घरात शिरू शकतो. अंडी आणि पिलं त्याच्या आवडीची. आतल्या नागाची काळजी घेताना बाहेरच्याला आवतण द्यायचं नाही. आणि गोठ्यात तर नागाचं मडकं कधीच न्यायचं नाही. म्हैस बुजते, दावं तोडते; शिवाय नाग सुटलाच तर वैरणीत आणि शेणकुटांच्या ढिगात तो सापडणं अशक्य. तिथं एक तर म्हैस दगावते नाहीतर तिच्या खुराखाली नाग.

खाण्याचं म्हणाल तर, आठ-दहा दिवस नाग उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही. एका मोठ्या उंदरावर त्याचे कितीतरी दिवस निघतात. तरी आज्जी एकदा खायला घालायचीच. पाहुण्याला उपाशी ठेवायचं कसं? आप्पा बेडूक आणायचे किंवा सापळ्यातला उंदीर. पण उंदीर मारून द्यायचा. जिवंत उंदीर मडक्यात टाकला आणि नागाची खायची इच्छा नसली, तर रात्रभरात उंदीरच नागाला कुरतडून ठेवतो. खाल्ल्यावर दोन-तीन दिवस मडक्याला हात नाही; हलवाहलव झाली की नाग गिळलेलं ओकतो.

दुधाची वाटी पूजेला असायची. ती नागापुढं क्षणभर धरायची, हळद-कुंकू वाहायचं आणि वाटी मनीपुढं ठेवायची. "दूध त्येच्या न्हाई पोटाचं," आज्जी म्हणायची. "त्यो काय आपलं वासरू हाय व्हय?" नाग दूध पितो हा समज महाराष्ट्रभर होता, अजून आहे, आणि गारुड्यांची दुकानदारी त्यावर चालली. साप कित्येक दिवस तहानेला ठेवायचा, म्हणजे समोर येईल ते तो पितो. दात उपटायचे, काही ठिकाणी तर तोंडच शिवायचे. दुधानं सापाचं पोट बिघडतं, ते फुप्फुसात जाऊन साप मरतो. आमच्या घरी नागाचे दात कधी काढले नाहीत. दात काढलेला नाग बांधावर परत सोडून काय उपयोग, तो उंदीर कशानं मारणार, असा साधा सवाल होता.

मडक्याला, शिंक्याला हात लावला की राखेनं हात चोळून धुवायचे आणि मगच धारेला बसायचं. आज्जी याला सोवळं म्हणायची. सापाच्या विष्ठेतून, कातड्यावरून साल्मोनेला नावाचे जंतू माणसाला लागतात आणि लहान पोरांना जुलाबानं हैराण करतात, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं.

एवढं करून एकदा व्हायचं ते झालंच. रात्री कुणाच्या तरी चुकीनं मनीच्या खोलीचं दार उघडं राहिलं. मनी उतरंडीवर चढली आणि तिथून तिनं शिंक्यावर उडी घेतली. मडकं झोका घेऊन खांबावर आदळलं. आवाजानं घर जागं झालं तेव्हा खापऱ्या रिंगणात आणि नाग नाही. आप्पांनी काठी उचलली. आज्जी ओरडली, "आदी जनावरं बांदा, मग नाग बघा!" आईनं मनीला पदरात धरून बाहेर काढलं, मला आणि धाकट्याला सोप्यातल्या ओट्यावर बसवलं, काकूनं डालग्यावर पाटा ठेवला. मगच आप्पा कंदील घेऊन आत गेले. नाग जात्यामागं गारव्याला वेटोळं करून बसला होता. आप्पांनी दुसरं मडकं त्याच्यापुढं आडवं ठेवलं, मागून काठीचं टोक जमिनीवर हळू टेकवत राहिले, आणि तो आपण होऊन अंधाऱ्या मडक्यात शिरला. कुणी त्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी आप्पांनी त्याला बांधावर सोडला. पंचमी तीन दिवसांवर होती आणि घरात दुसरा नाग नव्हता. त्या वर्षी आम्ही मातीचा पुजला. आज्जी म्हणाली, पडलेला नाग आतून दुखावलेला असतो, त्याला देवळापुढं नाचवायचं पाप नको.

अलीकडं पुण्यात भाच्याकडं गेले होते. त्याच्या मुलानं बॉल पायथन पाळलाय. आफ्रिकेतला बिनविषारी अजगर, हातभर लांब, दिसायला गोजिरवाणा. २०२४ साली आलेल्या केंद्राच्या नियमांप्रमाणे अशा परदेशी जातींची नोंदणी करावी लागते. ती त्यानं केलीय, कागद दाखवले. घरात मांजरही आहे. पोरगं मला मोठ्या उत्साहानं सांगत होतं: पेटीच्या झाकणाला दोन्हीकडून खिट्ट्या, पेटी वेगळ्या खोलीत आणि खोलीला कडी, उंदीर द्यायचा तो मारून गोठवलेला, खाल्ल्यावर दोन दिवस उचलायचं नाही, मांजराला कुरवाळल्यावर हात धुतल्याशिवाय सापाला शिवायचं नाही, स्पीकर त्या खोलीत लावायचा नाही. हे सगळं तो इंग्रजी पुस्तकांतून शिकला होता. मी त्याला शिंक्याची गोष्ट सांगितली, तेव्हा तो बराच वेळ गप्प होता आणि मग त्यानं विचारलं, रिंगण केवढं काढायचे?

पण त्याचा अजगर पिंजऱ्यातच जन्मलेला आहे आणि आमचा नाग शेतातला होता. त्याला परत जायचं असायचं. पंचमी झाली की ज्या बिळातून आणला त्याच बांधावर सोडायचा, हा नियम पाळला तर त्याचं बरं होतं. अनोळखी शिवारात सोडलेला साप बिळाच्या शोधात भरकटतो आणि कुत्र्याच्या, माणसाच्या नाहीतर गाडीच्या तावडीत सापडतो.

हे सगळं बिघडलं ते नाग घरातून मंडळाकडं गेला तेव्हा. माझ्या लहानपणी मिरवणूक बैलगाड्यांतून निघायची. पुढं ट्रॅक्टर आले, ट्रॉल्या आल्या, गल्लोगल्ली मंडळं झाली. कुणाचा नाग सर्वांत लांब, कुणाचा फणा सर्वांत उंच, कोण किती वेळ डोलवतो, यावर बक्षिसं लागली. एका घराचा एक नाग पुरेना, मग दहा दहा धरायचे. मंडळाच्या खोलीत ओळीनं मडकी, कुणाच्या गाठीचा कुणाला पत्ता नाही, फडक्याच्या जागी हाताला येईल ते. पोरं मडकी उघडून बघणार, फोटोसाठी नाग गळ्यात घालणार, फण्याचा मुका घेणार. आणि ज्या जनावराला जात्याची घरघर सोसत नव्हती, त्याला डॉल्बीच्या भिंतीपुढं उभं करायचं! बायकांचा हात या सगळ्यातून निघाला आणि त्याबरोबर रिंगण, राख, शिंकं, सगळंच निघून गेलं.

नाग पंचमीला चावत नाही, शिराळ्याच्या नागाला नाथांची आण आहे, असं गावात छातीठोक सांगतात. आमच्या आळीतला एक तरणा गडी माझ्या डोळ्यांदेखत चावला गेला. आधी पापण्या जड झाल्या, मग जीभ, मग श्वास. त्याला देवळाच्या पायरीवर नेऊन ठेवलं होतं. त्या काळात मुंबईच्या हाफकिन संस्थेत घोड्याच्या रक्तापासून प्रतिविष तयार होत होतं, पण ते खेड्यापर्यंत पोचायला वाट फार लांबची होती. नागाचं विष आण जाणत नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. म्हणजे कायद्यानं नाग पकडणं गुन्हा ठरल्यावरही शिराळ्यात कित्येक वर्षं उघड मिरवणूक निघत होती आणि तिच्या बंदोबस्ताला पोलीस असायचे. दरम्यान इतरत्र वारं बदललं होतं. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांच्या धडपडीतून १९८६ साली कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं, आणि गावोगाव साप मारण्याऐवजी धरून रानात सोडणारे सर्पमित्र तयार झाले. २००२ साली शिराळ्याचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २०१४ साली न्यायालयाच्या आदेशानं जिवंत नाग पकडणं, मिरवणं, खेळवणं पक्कं थांबलं. तेव्हापासून पंचमीला नागाच्या प्रतिमा निघतात. २०२२च्या दुरुस्तीनं नाग कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला जाऊन बसला. २०२५ साली केंद्रानं मोजक्या लोकांना शैक्षणिक कारणासाठी नाग पकडायची परवानगी दिली, तेव्हा गावात आनंद झाला. पण मिरवणुकीची आणि खेळाची बंदी उठलेली नाही.

गावात या बंदीचा राग आहे. माझा भाऊ अजून पंचमीला गप्प गप्प असतो. आम्ही दात काढत नव्हतो, खायला घालत होतो, परत सोडत होतो, हे त्याचं म्हणणं आमच्या घरापुरतं खरं आहे. पण न्यायालयापुढं आमचं माजघर नव्हतं, ट्रॉल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर माजघरातला नागही आपल्या खुशीनं आलेला नव्हता. बंदी योग्यच झाली. माहेरी हे बोलून दाखवल्यावर जेवताना कुणी माझ्याशी बोललं नाही, तरी माझं मत बदललेलं नाही.

मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. प्रथा गेली तिची मिरवणूक सगळ्या जगानं चित्रित करून ठेवली, आणि घरातलं शहाणपण मात्र कुठंच नोंदलं गेलं नाही. शिराळ्यात आणि आसपासच्या गावांत सत्तरी ओलांडलेल्या पुष्कळ बाया अजून आहेत, ज्यांच्या घरी नाग मुक्कामाला असायचा. संशोधक येतात ते तालमीत जातात, मंडळाच्या अध्यक्षांना भेटतात. त्यांनी एकदा स्वयंपाकघरात जाऊन बसावं. मडकं कुठं टांगलं होतं, मांजराचं काय केलं, उंदीर कसा दिला, हे विचारावं आणि लिहून घ्यावं. आणखी दहा वर्षांनी विचारायला कुणी उरणार नाही.

आणि वाचकांना एवढंच सांगणं आहे की पावसाळ्यात नाग कुणाच्याही घरात निघू शकतो. काठी उचलू नका. आधी कुत्रं बांधा, मांजर कोंडा, पोरांना उचला. मग लांबून नागावर नजर ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.